बारा व्होल्टचे दिवे

४ फेब्रुवारी

आज ह्यांनी पुन्हा मेन बोर्ड उघडला! करंट चालू असताना! मी भांडी घासत होते, खट्ट आवाज आला म्हणून धावले, तर झाकण काढून खाली ठेवलेलं आणि हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत वाकलेले. "बाई, तुमची वायर फार जुनी झालीय," म्हणाले.

बेचाळीस वर्षांचा संसार, आणि आता मी बाई! म्हणजे ज्यांच्या घरी काम निघालंय त्या मालकीणबाई. जन्मभर लोकांच्या घरी वायरिंग केलं, हात अजून रोज कामावर जातात. डोकं तेवढं रिटायर झालं.

मुलाचा फोन नेमका तेव्हाच. माझ्या आवाजावरून ओळखलं त्यानं. "आई, आता पुरे कर. त्या वृद्धाश्रमात बघायला चोवीस तास माणसं आहेत. महिनाअखेर एक खाट रिकामी होतेय."

म्हटलं, महिनाभर दम धर. तोवर घरात पुन्हा असं काही झालं तर तुझंच खरं.

बोलून बसले खरी. आता?

५ फेब्रुवारी

हात थांबायचे नाहीत. मग त्यांना चावणार नाही असं काम द्यावं! हेच मला शिकवायचे, बारा व्होल्टला हात लावला तर गुदगुल्याही होत नाहीत. बारीक दिव्यांची माळ, थोडी वायर, खिळे, पक्कड. बसा करत दिवसभर.

८ फेब्रुवारी

घरच्या करंटचे बारा व्होल्ट करायला दुकानातून तयार अडॅप्टर आणला. अर्धा तास टिकला. ह्यांनी हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "स्क्रू कुठाय ह्याला? बंद डबीवर विश्वास ठेवू नये, बाई." आणि फटीत पातं घातलं की! प्लग ओढला म्हणून वाचलो.

९ फेब्रुवारी

आपणच बनवायचा. ह्यांच्या पेटीत बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे, वीट उचलावी तसा जड. घरच्या करंटची बाजू भिंतीतल्या कपाटात कुलपाआड. बाहेर फक्त दोन पितळी स्क्रू, बारा व्होल्टचे. ते त्यांनी खुशाल उघडावेत, घट्ट करावेत.

सातवी शिकलेली बाई मी. पण कितीतरी वर्षं ह्यांची शिडी धरलीय. शिडी धरणाऱ्याला खालून सगळं दिसतं.

१२ फेब्रुवारी

चार डायोड, एक कपॅसिटर. सोल्डरचा डाग देताना बोट भाजलं. माळ लावली. काय उजेड पडला! मी टाळ्याच वाजवल्या. पाच मिनिटांत वास सुटला आणि अख्खी माळ काळी.

मीटर लावला तर सतरा व्होल्ट. बाराचे सतरा कसे झाले? डोकं धरून बसले. हे मागून आले, जळकी माळ हुंगली आणि इतक्या सरळ आवाजात म्हणाले, "कपॅसिटरनंतर वाढतं ते. रेग्युलेटर विसरलीस का गं?"

गं! विसरलीस! दोन वर्षांनी!

मी वळून पाहिलं तोवर ते भान गेलं होतं. "पाणी मिळेल का, बाई?"

माठाशी उभी राहून रडून घेतलं. मग पाणी दिलं.

१३ फेब्रुवारी

दुकानदार हसला. "आजी, ह्या वयात हे कुठं शिकताय?" म्हटलं, माझा मास्तर घरीच आहे, फक्त तास कमी घेतो. त्यानं व्होल्ट बारावरच धरून ठेवणारा तीन पायांचा रेग्युलेटर दिला, आणि तो तापतो म्हणून मागे लावायला पत्रा. नवी माळही घेतली.

१४ फेब्रुवारी

मीटरवर बारा! काटा हलत नाही. तासभर माळ चालू ठेवली, पत्र्याला हात लावून बघितला, कोमट. जीव भांड्यात पडला.

१६ फेब्रुवारी

सकाळी आंघोळ करून, शर्ट खोचून हे कामाला हजर. मापून खिळे ठोकले, दरवाज्यावरून खिडकीपर्यंत माळ नेली. दुपारी सगळी उतरवली, पुन्हा लावली. बोर्डाकडे ढुंकून बघितलं नाही. जेवलेही पोटभर.

१७ फेब्रुवारी

तेच. छान.

२१ फेब्रुवारी

मुलगा येऊन बघून गेला. बाबांनी त्याला पक्कड धरायला लावली. "नवीन आहेस का? घट्ट धर." तो धरून उभा राहिला, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. निघताना म्हणाला, "आई, तू जिंकलीस. त्यांना नाही म्हणून कळवतो." म्हटलं, महिना भरू दे, मग कळव. उगाच कुणाला दोनदा बोलायला नको.

२५ फेब्रुवारी

आज काम आटोपून हे हात पुसत माझ्यासमोर उभे राहिले. "बाई, बघून घ्या. काही तक्रार?" इतक्या अदबीनं! मला गंमत वाटली. आणखी दोन शब्द बोलतील म्हणून म्हटलं, "काम छान आहे हो. उजेड जरा मंद वाटतो."

विचारात पडले. "बघतो," म्हणाले. बऱ्याच दिवसांनी डोळ्यांत तशी चमक दिसली. बरं वाटलं मला.

२६ फेब्रुवारी

सकाळी वाण्याकडे गेले होते, दहा मिनिटं. परत फाटकाशी आले तोच घरातून मोठा आवाज ऐकला.

मिक्सरची वायर मुळाशी कापलेली. तिची टोकं माळेला जोडलेली, वर टेप, कामात नाव ठेवायला जागा नाही. दुसरं टोक ओट्यावरच्या सॉकेटमध्ये. मेन स्विच आपोआप पडला म्हणून... ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आणि तळवा भाजलाय. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

पट्टी बांधताना हे माझ्याकडेच बघत होते, ओशाळून. "माफ करा, बाई. तुम्ही मंद आहे म्हणालात, म्हणून पूर्ण करंट दिला."

२७ फेब्रुवारी

मुलाला मीच फोन केला. "ती खाट ठेवायला सांग." तो हळूच म्हणाला, "आई, बाबांवर चिडलीस का?"

नाही रे. त्यांनी काम चोख केलं. तक्रार माझी होती.