चुलीचा कोपरा

नांदेड, ९ मे १९८५, गुरुवार

घरी आल्यापासून नुसती धुमसते आहे. आज साहेबांबरोबर बंद खाणीच्या ढिगातले नमुने घेतले, शिसं तपासायला. मग पाणी मागायला जवळच्या घरी गेलो, तर तिथली चूल त्याच ढिगाच्या निळसर मातीने सारवलेली!

"दुष्काळानं जनावरं चारा छावणीत, शेण कुठून आणू?" म्हातारी म्हणाली. "ही माती लई मऊ हाय, बाई. पण आमच्या सुनेचे डोहाळे असे, आठ दिवसांत चुलीचा कोपरा खाल्ला बघा." पोटुशी सून लाजून हसली. ओठाला निळसर भुकटी.

साहेबांना म्हटलं, चुलीचाही नमुना घेऊ. "फॉर्मात सर्व्हे नंबर लागतो, बाई. चुलीचा नंबर काय टाकू?" वर बजावलं, अहवाल येईपर्यंत गावात काही बोलायचं नाही.

आणि मी बोलले नाही. शिसं पोटातल्या बाळाला बाधतं हे ठाऊक असून मुकाट्याने जीपमध्ये बसले. माझी सुमन पोटात असताना मीही भिंतीची माती खाल्ली होती ना? मग राग नक्की कुणाचा येतोय?

लातूर जिल्हा नवा झाला तशी आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं तिकडे गेली. अहवालाला महिने लागतील. तोवर चुलीचा दुसरा कोपरा राहील?

उद्या रजा. पहिल्या एसटीने जाऊन ती चूल स्वतः फोडणार. नवीसाठी घरामागची काळी माती पोत्यात भरून दाराशी ठेवली आहे. खाल्लीच तिने, तर ही खाऊ दे.