खिळ्यावरची जुनी कॉइल

वस्ताद, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. मी आता पंपांच्या जळालेल्या मोटारींत तार भरत नाही, कॉम्प्युटरवर काम करतो. संगमनेरात पंपांचे सुटे भाग विकणारं एक दुकान आहे. वर्षभरापूर्वी त्यांनी इंटरनेटवरही दुकान थाटलं. म्हणजे गिऱ्हाईक दूर कुठंतरी कॉम्प्युटरसमोर बसून बुश, सील, बेअरिंग निवडतं, माप टाकतं, आणि त्याची मागणी टेलिफोनच्या तारेवरून आमच्याकडे येते. हे चालवणारा प्रोग्राम मी बसवलाय. तुम्ही असता तर विचारलं असतं, "आन् माल बी तारंतनंच धाडतो का रं?" माल टेम्पोनेच जातो, वस्ताद.

गेल्या महिन्यात तो प्रोग्राम बदलायची वेळ आली. दोघांनी एकाच वेळी मागणी टाकली की जुना एकाची हरवायचा. नवी आवृत्ती आली होती. मालक म्हणाले, टाका आणि मोकळे व्हा. मी पंधरा दिवस मागितले. "सर, एवढ्यात टेम्पोचं इंजिन उतरवून परत चढवत्यात," ते म्हणाले आणि काउंटरवरचे सगळे हसले. राग आला, पण मी पंधराचे चौदा केले नाहीत. मला तुमची पाथर्डीतली, स्टँडमागची पत्र्याची खोली दिसत होती.

तिथं वार्निशचा वास आहे. जळालेली मोटार आली की तार कापण्याआधी तुम्ही वेटोळी मोजायला लावता, वहीत लिहायला लावता, आणि कापलेली एक कॉइल पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून खिळ्याला अडकवता. नवी तार भरलेली मोटार विहिरीवर आठ दिवस नीट चालली असा निरोप येईपर्यंत ती तिथून हलायची नाही. मी तेव्हा विशीतला. मला हे फाजील वाटायचं. वही आहे की. एकदा दिवाळीच्या साफसफाईत मी सगळे खिळे मोकळे केले आणि कॉइली मोडीत टाकल्या. चौथ्या दिवशी एक मोटार परत आली, हात लाववत नव्हता इतकी तापलेली. वहीत माझ्या अक्षरात बेचाळीस वेटोळी. ताडून बघायला खिळ्यावर काही नाही. मोटारीचा धनी दारात उभा, रानात कांद्याची रोपं माना टाकतायत. तुम्ही त्याला म्हणालात, चूक माझी झाली. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता बोललात, "वही चुकंल, तू बी चुकशील. जुनी कॉइल न्हाई चुकत." मग तीनदा भरून, तीनदा उकलून तुम्ही आकडा शोधलात. अठ्ठेचाळीस.

म्हणून पंधरा दिवस. आधी जुन्या प्रोग्रामची आणि आलेल्या सगळ्या मागण्यांची नक्कल फ्लॉप्यांवर घेतली. नुसती घेऊन भागत नाही. ती घरच्या कॉम्प्युटरवर चढवून बघितली, तर तिसरी फ्लॉपी वाचलीच जाईना. पुन्हा केली, दोन जोड केले, दोन्ही चढवून बघितले. मग नवा प्रोग्राम इंटरनेटवरच्या वेगळ्या पत्त्यावर बसवला. तो पत्ता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. तिथं मागच्या महिन्याच्या साऱ्या मागण्या एकेक करून टाकल्या आणि जुने कागद शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत गेलो. एकोणिसाव्या मागणीवर बोट थांबलं. जुना कागद म्हणत होता, बुश साडेबत्तीस मिलिमीटर. नवा म्हणत होता बत्तीस. नव्यात मापाच्या रकान्याला पूर्ण आकडेच चालत होते, अर्धा तो मुकाट्याने गाळत होता. पडद्यावर सगळं ठीक दिसायचं. आठवड्याने कुणाच्या हातात बुश पडला असता आणि शाफ्टवर चढलाच नसता. रकाना दुरुस्त केला, आणि एकोणीसपासून नाही, पहिल्यापासून परत सगळ्या मागण्या टाकल्या.

मग रविवारी दुपारी, वीज जाणार नाही याची वायरमनकडून खात्री करून, दोन तास दुकान बंद असल्याची पाटी इंटरनेटवर लावली, ताजी नक्कल घेतली आणि नवा चालू केला. जुना पुसला नाही. दहा मिनिटांत परत चालू करता येईल असा बाजूला ठेवला; घड्याळ लावून तेही करून बघितलं, नऊ मिनिटं लागली. आठ दिवस गेले. एक मागणी हरवली नाही, एक माप चुकलं नाही.

नवव्या दिवशी मालकांनी नाशिकच्या एका व्यापाऱ्यासमोर मला चहाला बसवलं, तोंडभरून कौतुक केलं. व्यापाऱ्याने विचारलं, "हे शिकलात कुठं?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "कुठंच नाही. स्वतःच." ते पुष्कळसं खरं आहे. डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तकं मीच वाचली. पण पंधरा दिवस का मागायचे हे त्यातल्या एकाही पुस्तकात नव्हतं. चहा संपेपर्यंत तुमचं नाव जिभेवर होतं आणि मी ते गिळलं.

आज जुन्या फ्लॉप्या पुसायला बसलो होतो. पुसल्या नाहीत. चिठ्ठी लावून, पिशवीत घालून टेबलामागच्या भिंतीतल्या खिळ्याला टांगल्यात. हे पत्रही त्याच पिशवीत जाईल, दुसरीकडे कुठं पाठवणार? फक्त एक राहिलं, जे तेव्हा दारातल्या माणसासमोर बोलायला हवं होतं. ती बेचाळीस वेटोळी मी चुकीची मोजली नव्हती, वस्ताद. मोजलीच नव्हती. वहीतल्या वरच्या मोटारीचा आकडा खाली उतरवला होता.