दिग्रसची कोलंबाइन

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार
सिमल्याला नोकरीस असलेल्या मेहुण्याने कोलंबाइनचं बी पाठवलं. काळं, चकचकीत, खसखशीएवढं. दिग्रसमध्ये हे फूल कोणी पाहिलेलं नाही. फेब्रुवारीच्या पुष्पप्रदर्शनात शेजारच्या विठ्ठलरावांच्या डेलियाचं नाक कापायचं. तोवर त्यांच्याशी बोलणं बंद.

१३ नोव्हेंबर
कुंडीत बी पेरलं, बोटभर खोल. नलू म्हणाली, दादाने लिहिलंय ना, वरच भुरभुरा, माती टाकू नका. म्हटलं, नवऱ्याला शिकवू नको. ती विहिरीवर गेल्यावर उकरून वर काढलं. माझा मूळ प्लॅन तोच होता.

२६ नोव्हेंबर
काही नाही. विठ्ठलरावांनी कुंपणावरून विचारलं, काहून भाऊ, कुंडीत सोनं पुरलं का? उत्तर दिलं नाही. बोलणं बंद आहे. फक्त एवढंच म्हटलं की डेलिया म्हणजे रंगवलेली कोबी.

१९ डिसेंबर
उगवली! कामावर, कापसाच्या जिनिंग कारखान्यात, सगळ्यांना सांगितलं. मॅनेजर म्हणाले, दाखवा एकदा. पहिलं बक्षीस फिक्स.
विठ्ठलरावांच्या कोंबड्यांसाठी भोवती बोरीचे काटे रचले. माझंच धोतर फाटलं. दोष कोंबड्यांचा.

७ जानेवारी १९६२
पानं आता छान, नक्षीदार. सासूबाई ढाणकीहून आल्या. आल्याआल्या स्वयंपाकघर ताब्यात. बाई हुकूमशहा आहे. वरण मात्र बरं झालं होतं. दोन वाट्या घेतल्या.

८ जानेवारी, सकाळी
कुंडी बोडकी! थेट विठ्ठलरावांच्या अंगणात. चोर म्हटलं. गल्ली जमली. ते म्हणाले, मी कायले तुमचं गवत उपटू? गवत! त्यांचं डेलियाचं सर्वांत मोठं झाड मुळासकट उपटलं. न्याय झाला.

दुपारी
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, काल कुंडीतला सांबार वरणात टाकला, पण वासच नाही त्याले. कोलंबाइन त्यांना सांबार, म्हणजे कोथिंबीर, वाटली. मुलगा बी पाठवतो, आई खुडते. अख्खं घराणं माझ्याविरुद्ध.

११ जानेवारी
नलू बोलत नाही. ताट वाढत नाही, आदळते. म्हणते, मी आजारी होते तेव्हा बेबीताईने महिनाभर डबा दिला, आणि तुम्ही तिच्या दारात तिच्या नवऱ्याला चोर म्हटलं. जाऊन माफी मागा. माफी नाही. खुलासा करीन, मोजक्या शब्दांत.

संध्याकाळी
गेलो. बेबीताईंनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, ते घरी नाहीत. आतून विठ्ठलराव खोकले. म्हटलं, बरं, आले की सांगा, मी येऊन गेलतो. बेबीताई म्हणाल्या, सांगते. ते पुन्हा खोकले.