दवाखान्याच्या दारातलं गिधाड

पोलादपूर,
फेब्रुवारी १९५९

सौ. राहीअक्का यांस धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे दत्तारामचा, वाकून नमस्कार. महाडात सगळी खुशाल असालच. सवच्या कुंडातल्या गरम पाण्यानं गुडघा वळू लागला का? (शेक घेता पण पथ्य पाळत नाही, असं ठमा म्हणायची.)

ठमानं तिकडं येऊन माझ्याविषयी जे सांगितलं असेल ते खरंच आहे. फक्त मधलं गाळलं असेल. पेन्शन झाल्यापासून मी इथल्या गुरांच्या दवाखान्यात फुकट हात द्यायला जातो. (म्हशी धरतो, त्या लाथा मारतात.) मागं कापडे गावाजवळ तारेवर आपटून पंख मोडलेलं गिधाड कुणीसं पोत्यातून आणलं. युसुफ डॉक्टरांनी पंख बांधून ते दाराशी ठेवलं. तेवढ्यात कुशाबा म्हैस घेऊन आला नि उंबऱ्यातूनच फिरला. "आत डाक्टर नि दारात गिधाड! माझी म्हस जगंल कशी?" मग कुणीच येईना. डॉक्टर म्हणाले, "दत्तारामभाऊ, याला कुठंतरी हलवा." कुठंतरी म्हणजे, अक्का, आमच्या पडवीत.

बिचारं शांत होतं. घाबरलं की तेवढं पोटातलं सगळं ओकायचं. ते ठमाच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर ओकलं. त्यात पंखाची पट्टी बदलायला मी जे जुनेर फाडलं, ते जुनेर नव्हतं, तुमच्या वडलांनी दिवाळीला दिलेलं इरकल होतं. ठमा म्हणाली, "आता ह्या घरात ह्ये ऱ्हाईल, नायतर मी." नि बोचकं उचललं. पण जाताना गिधाडाच्या परातीत पाणी भरून गेली. (माझा तांब्या रिकामाच होता.)

काल पट्टी सुटली. टोपलीत घालून त्याला डोंगरावर नेलं. धोतर सावरत एस.टी.मागं धावणाऱ्या माणसासारखं ते उड्या मारत कड्याकडं गेलं. मी ओरडलो, "अरे, जपून!" तोवर वाऱ्यावर चढलंसुद्धा. इतकं कुरूप पाखरू, अक्का, पण वर गेल्यावर नजर हटेना. मान दुखेपर्यंत पाहत राहिलो.

पडवी शेणानं सारवली आहे. कळावे.

आपला,
दत्ताराम

ता. क. एकट्याला घास उतरत नाही, हे ठमाला सांगा. पण तुमच्या मनचं म्हणून सांगा.

दुसरा ता. क. पत्र मोठ्यानं वाचत असाल नि ती ऐकत असेल, तर आता लपवण्यात अर्थ नाही. ठमे, शनिवारी मीच न्यायला येतोय.