ओवाळून सोडलेली

३ फेब्रुवारी १९८७, कोलशेत

आज बिऱ्हाड लागले. धाकटा भाऊ आनंद कोपरहून टेम्पो घेऊन आला. पुस्तकांच्या पेट्या उतरवताना म्हणाला, दादा, आता खोलीत पुस्तके राहतील आणि तू ओट्यावर. आम्ही दोघे एकाच मुशीतले. एकदा पटले की कोणाचे ऐकत नाही.

खोली ऐसपैस आहे. मागे खाडी, पुढे अंगण. घरमालक दामाजी खाडीत मासे धरतो, त्याची बायको शेवंतीबाई ते ठाण्याच्या बाजारात विकते. माझा चष्मा पाहून दोघांनी मला मास्तर करून टाकले. मी कारखान्याच्या कचेरीत बसतो आणि सुटल्यावर बोलावतील तिथे अंधश्रद्धेवर भाषणे देतो, असे सांगितले. दामाजी म्हणाला, म्हणजे पगार घेऊन गप बसता आनी फुकट बोलता. असा शेजार मिळाल्यावर दुसरी करमणूक कशाला हवी?

अंगणात दहा-बारा कोंबड्या आहेत. एक पांढरी निराळीच. तिची मान डावीकडे पिळवटून पाठीवर गेली आहे. पाणी पिताना ती आधी गोल फिरते, मग डोके उलटे करून चोच वाटीत बुडवते. दामाजी जेवायला बसण्याआधी पहिली मूठ भात तिला टाकतो आणि विचारतो, "काय गो वाकडे, हायस ना?"

९ फेब्रुवारी

वाकडीची कथा आज शेवंतीबाईने सांगितली. गेल्या वर्षी दामाजी खाडीवरून आला तो मान डावीकडे वळलेली, वाचा गेलेली, तोंडातले पाणी बाहेर. ठाण्याला इस्पितळात ठेवला, उतार पडेना. मग तिने एक पांढरी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, त्याच्यावरून ओवाळून अंगणात सोडली. तलंगेची मान वळली, दामाजीची सरळ झाली.

मी म्हटले, पक्ष्याला मानमोडी झाली, त्यातून तो वाचला आणि मान तेवढी राहिली. दामाजीला अर्धांगाचा झटका आला, तो ओसरला. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून त्या एकमेकींच्या मायलेकी होत नाहीत. वाक्य चांगले जमले. वर्तकनगरच्या व्याख्यानात घेईन. शेवंतीबाई मासे निवडत राहिली.

१७ फेब्रुवारी

आळीत मर लागली आहे. आमच्या दोन कोंबड्या सकाळी पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेल्या. हिरवट पांढरी हगवण, तुरा जांभळा, चोच उघडी टाकून श्वास ओढणे. एकीने बिनकवचाचे अंडे घातले. ही मानमोडीच, सरकारी पुस्तिकेत रानीखेत म्हणतात ती. लागल्यावर औषध नाही. निरोगी असतील त्यांना तातडीने लस.

दोन्ही आजारी कोंबड्या वेगळ्या टोपलीखाली डालल्या. खुराड्यात चुना टाकला, पाण्यात पोटॅश. मग ठाण्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून बर्फात लस आणि टोचणारा माणूस, दोन्ही घेऊन आलो. धुण्याच्या दगडावर उभे राहून अख्ख्या आळीला बोललो. देवीला कोंबडा कापून मर थांबत असती तर मर आलीच नसती, कारण कापता तुम्ही दरवर्षी. लोक हसले, आणि घराघरातून कोंबड्या निघाल्या. एकही पंख सुटला नाही.

फक्त वाकडीला शेवंतीबाईने टोपलीखाली झाकून ठेवले. टोचणारा म्हणाला, हिला झालेलीच आहे, एकदा झेलून उठलेल्या पक्ष्याला पुन्हा सहसा होत नाही, राहू द्या.

२४ फेब्रुवारी

त्या दोघी मेल्या, खोल पुरल्या. बाकी आळी वाचली. वाटेत लोक थांबवून चहा पाजतात.

आता वाकडीकडे वळलो आहे. ही कोंबडी म्हणजे अंगणात फिरणारी अंधश्रद्धेची पाटी. ती पुसायची. ताकदीच्या औषधाचे थेंब, भिजवलेल्या कण्यांच्या गोळ्या चोचीत भरवायच्या, आणि मान दोन बोटांत धरून हळूहळू सरळ करायची. शेवंतीबाईने दोनदा ती माझ्या मांडीवरून उचलून नेली. म्हणाली, "तिला हात नका लावू, मास्तर. ती हाय तशी बरी हाय." मी बोललो. जरा जास्तच बोललो. शेवटी दामाजीने मिटवले. बायकोला म्हणाला, "करू दे गो त्यांना. माजी मान काय तिच्या मानेला बांधलीय?"

४ मार्च

मान सरळ झाली. सकाळी पांढरी कोंबडी इतरांसारखी खाली वाकून पाणी प्यायली, मान वर करून घोट उतरवला आणि दोन्ही डोळ्यांनी पाळीपाळीने माझ्याकडे पाहिले. दामाजीला दाखवायला हाक मारली. तो आला नाही. शेवंतीबाईने आतून सांगितले, चहा तोंडातून बाहेर येतोय.

५ मार्च

इस्पितळात नेला. मान डावीकडे. वाचा नाही. तोंड उघडे टाकून श्वास ओढतो. डॉक्टरांनी सुया दिल्या, वाट पाहा म्हणाले. मी समजावले की झटका पुन्हा येऊ शकतो. कोणी काही विचारलेच नव्हते.

शेवंतीबाई मला एका शब्दाने बोलत नाही. जेवणाचे ताट रोजच्या वेळी येते.

७ मार्च

दामाजीला घरी आणला. त्याच्या नाकाला कापूस लावायची वेळ आली तर आळी तयार आहे. ओट्यावर लोक बसून आहेत.

शेवंतीबाईने एकच विचारले. ती मान होती तशी परत फिरवता येईल का. मी नाही म्हटले.

मग तिने पांढरी ओवाळली. काही नाही. अंगणातल्या सगळ्या ओवाळल्या, एकेक. शेजारच्या आणल्या. त्या खाली उतरून दाणे टिपू लागल्या. दुपारी ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "पांढरीला एकदा होऊन गेलंय, बाकी सगल्यांना सुई टोचलीय, मास्तर. तुमीच टोचलीय. आता कोनालाच लागत नाय." आवाज चढवला नाही.

८ मार्च

आज वर्तकनगरला व्याख्यान होते. गेलो नाही.

दामाजी पाणीही गिळत नाही. मी ओट्यावर सर्वांसमोर म्हणालो, मला कोणी टोचलेले नाही. मला ओवाळा. काही होणार नाही, आणि हा विषय इथे कायमचा संपेल. शेवंतीबाई नको म्हणाली. दोनदा म्हणाली. मी पाटावर जाऊन बसलो. तिने दामाजीवरून भाताची मूठ फिरवली, मग माझ्यावरून.

काही झाले नाही. तसे मी मोठ्याने सांगितले.

१० मार्च

दामाजी पेज प्यायला. मान थोडी हलते.

माझा घसा बसला आहे. भाषणांचा ताण.

१२ मार्च

आनंद भेटायला आला. व्याख्यान का चुकवले म्हणून. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही, मान डावीकडे राहते आहे. पाहून घाबरला. रविवारी मोठा डॉक्टर घेऊन येतो म्हणाला, बरा केल्याशिवाय सोडणार नाही. माझाच आवाज. माझेच डोळे.

दुखत नाही. काहीच वाटत नाही. मानेखाली कापूस भरल्यासारखे.

१३ मार्च

दामाजी अंगणात आला. चालतो. बोलतो. शेवंतीबाई भिंतीला टेकून रडली.

पाणी पिता येत नाही सरळ. आधी वळावे लागते. मग डोके—

१४ मार्च

जेवायच्या वेळी दामाजी दारात आला. आपण बसण्याआधी माझे ताट ठेवले. पहिला घास स्वतःच्या हाताने. मग म्हणाला,

"काय रे मास्तर, हायस ना?"

'तुमी' म्हणाला नाही. हसलाही नाही.

मी चोच—
तोंड उघडले.

१५ मार्च, रविवार

टेम्पो थांबला. आनंदचा आवाज. बरोबर कोणीतरी. शेवंतीबाई आडवी उभी आहे, तो तिला बाजूला— तो बोलतोय. चांगला बोलतो.

दामाजी अंगणात जाळे विणतोय. मान सरळ.

सांगता येत नाही. लिहून देतो. आनंद, हे आधी वाच. मी आहे तसा बरा आहे. मला हात नको ला