चौदा नंबर खोलीतला संगणक आणि दोन सह्या

मी, अंबिका गुणाजी घाडी, वय पंचवीस, बी.कॉम., राहणार खोली नंबर १४, तिसरा मजला, लालबाग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय. उद्या सकाळी आठला रुग्णालयात दाखल व्हायचे आहे, परवा झडपेची शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी वाचण्याची शक्यता सांगितली तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होते, म्हणून ती फक्त मला ठाऊक आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव मीच आणणार आहे. तो शेवटच्या कलमात आहे.

कलम १. खोली बाबांच्या नावावर आहे, तिच्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. माझी पुस्तके रात्रशाळेला द्यावीत. पदवीचा कागद भिंतीवरच राहू द्यावा. तो खिळा आईने ठोकला होता, सहजासहजी निघणार नाही.

कलम २. माझी खरी मालमत्ता एकच, लॅमिंग्टन रोडवरून जुने-नवे भाग जमवून बांधलेला संगणक. रामजी टीव्हीवाल्याने काल विचारूनही टाकले, "ताई, तसंच काय झालं तर मॉनिटर वेगळा देणार का?" नाही, रामजीभाऊ. कोणी एखादा भाग 'असाच पडलाय' म्हणून नेऊ नये, यासाठी प्रत्येकाचे काम लिहून ठेवते.

मॉनिटर फक्त दाखवतो, त्याच्यात काही साठत नाही. कीबोर्ड आणि माउस आपले म्हणणे आत पोचवतात. लोखंडी डब्यातली मोठी हिरवी पाटी म्हणजे मदरबोर्ड. बाकी सगळे तिला जोडलेले असते आणि तिच्यातूनच एकमेकांशी बोलते. प्रोसेसर आकडेमोड करतो, हुकूम सोडतो आणि तापतो. रॅम म्हणजे हातातले काम ठेवण्याची जागा. चाळीचा फ्यूज उडाला की ती कोरी. म्हणून दर ओळीनंतर सेव्ह करायचे, हे मी या खोलीत घेते त्या संगणकाच्या वर्गातली नलू माझ्या टपल्या खाऊन शिकली आहे. वीज गेल्यावरही लक्षात ठेवते ती एकटी हार्ड डिस्क. माझी यादी तिच्यात आहे.

कलम ३. ही यादी आमच्या बंद गिरणीच्या कामगारांची आहे. घरांच्या अर्जासाठी कामगार समितीला ती ३१ मार्चच्या आत हवी आहे. गिरणीने हजेरीची पुस्तके दिली नाहीत, म्हणून मी दारोदार फिरून गिरणीची हजेरी-तिकिटे आणि पगाराच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. अकराशे सेहेचाळीस नावे भरली आहेत. तीनशे कागद अजून पलंगाखालच्या पिशवीत आहेत. तीन फ्लॉप्यांवर नक्कल ठेवली होती. पावसाळ्यात तिन्हींना बुरशी आली.

नाव क्रमांक ४१७ : शिवा घाडी, वाइंडिंग खाते. हे माझे सख्खे काका. संपाच्या दुसऱ्या वर्षी, घरात दाणा नव्हता तेव्हा, ते कामावर परत गेले. बाबा गेले नाहीत. त्या दिवसापासून चौदा आणि पंधरा नंबरमधली भिंत बोलेल, पण हे दोघे नाही. आई गेली तेव्हाही काका गॅलरीतच उभे राहिले. मी त्यांचे नाव भरल्याचे कळल्यावर बाबा म्हणाले, "शिवाचा नाव त्या डब्यात आसात तर माझा काढून टाक." मी दोन्ही काढलेली नाहीत. यादी काम केलेल्यांची आहे, संप केलेल्यांची नाही.

कलम ४. एक जुना हिशेब माझ्याच अंगावर आहे. गेल्या मे महिन्यात पॉवर सप्लायचा पंखा किंचाळू लागला. पॉवर सप्लाय भिंतीतली वीज प्रत्येक भागाला झेपेल अशी करून देतो. त्याचा पंखा थांबला तर तो जळतो. बाबांनी अठरा वर्षे गिरणीत मशिनांना तेल घातले. किंचाळणारे चाक ऐकून त्यांना बसवेना. मी बाहेर असताना त्यांनी डबा उघडून आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पंख्याच्या आसात सोडले. मी दहा विद्यार्थ्यांसमोर ओरडले, "बाबा, हे गिरणीतलं मशीन नाही! कशाला हात लावता?"

बाबा "बरां" म्हणाले. त्यानंतर त्यांनी संगणकाला बोटही लावलेले नाही. माझा वर्ग चालू असतो तेव्हा ते गॅलरीत जेवतात.

पुढच्याच आठवड्यात लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने पंखा फिरवून विचारले, "तेल कुणी घातलं? उस्ताद माणूस आहे. हा जाम झाला असता तर पॉवर सप्लाय गेला असता, आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला असता." हे मी नऊ महिने बाबांना सांगितले नाही. चूक कबूल करायला पदवीधर मुलीला मृत्युपत्र लागावे, याची मला लाज वाटते. बाबा, तुम्ही बरोबर होता.

आता हार्ड डिस्क टकटक करते. ती आणि मी, कोण आधी थांबेल सांगता येत नाही. तिच्यात मात्र तेल घालू नका. ती बंद डबी आहे, उघडली की गेली.

कलम ५. संपूर्ण संगणक, एकही भाग न काढता, मी माझी चुलत बहीण नलू शिवा घाडी, वय वीस, हिला देते. तो खोली १४ मध्येच राहावा, कारण आमच्या बोर्डाला अर्थिंग आहे. पहिल्याच दिवशी डबा दुकानात नेऊन यादी दोन सीडींवर उतरवावी. मला जिना उतरायला दम उरलेला नाही, आणि बाबा हात लावत नाहीत. मग नलूने रोज येऊन तीनशे नावे पुरी करावीत. तिला दार उघडावे. आत आल्यावर पाणी विचारावे.

कलम ६. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. हेरंब वकील म्हणाले, दोघे एकाच वेळी हजर असण्याची कायद्याला गरज नाही. कायद्याला नसेल, मला आहे. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असेही त्यांनी सुचवले. म्हणून बाबांना आणि शिवाकाकांना मी टाचणीसुद्धा ठेवलेली नाही. दुसऱ्या कोणाची सही मला नको. शेजारी तयार होते, मी नाही म्हटले. हे दोघे एकमेकांसमोर बसले नाहीत तर हा कागद रद्दी आहे. मग सगळे कायद्याने बाबांकडे जाईल, आणि ४१७ नंबरचे काय करायचे ते बाबा ठरवतील. माझ्याकडे दुसरा उपाय नाही. असता तर केला असता.

सहीपूर्वीची दुरुस्ती : संध्याकाळी मी हे मोठ्याने वाचले. काका उंबऱ्याबाहेर उभे होते. वाचून झाले. मग बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तिसऱ्या कलमात चूक आसा. वायंडिंगाक नाय होतो तो. रिंग खात्यात होतो. माझ्याच पाळीयेक."

"अकरा वर्सां," काका बाहेरून म्हणाले.

"मगे आत येऊन सांग तिका."

त्याप्रमाणे कलम ३ मधील 'वाइंडिंग' हा शब्द 'रिंग' असा वाचावा. यादीतही दुरुस्त केले आहे. सेव्ह केले आहे.

लिहून देणार : अंबिका गुणाजी घाडी (सही)

तिने आमच्यादेखत सही केली. आम्ही तिच्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

साक्षीदार १ : गुणाजी घाडी, खोली १४, रिंग खाते (सही)
साक्षीदार २ : शिवा घाडी, खोली १५, रिंग खाते (सही)

लालबाग, मुंबई. ६ फेब्रुवारी २००२.