अंडी ठेवली तो दिवस धरून

पार्सिपनी, न्यू जर्सी,
शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय माय,

तू गेल्यापासून तुला हे पहिलंच पत्र. तू असताना माझी पत्रं दादा तुला वाचून दाखवायचा आणि काळजीच्या ओळी गाळायचा. मला ते ठाऊक होतं, म्हणून मीही त्या लिहीत नव्हते. आता मधे कोणी नाही. आज शाळेत माझी एक चूक निघाली, आणि ती समजून घेताना हिवाळ्यातला तो सोमवार मला कळला. तोच सांगायला लिहिते आहे.

तो सोमवार तुला आठवत असेल. वहिनीकडून वेणी घालून घेतलीस, हिरवं लुगडं नेसलीस आणि भिंतीला टेकून दाराकडे तोंड करून बसलीस. डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तू कोणाचं ऐकलं नाहीस. "आज पोरगी येते," म्हणालीस. दिवसभर बोलत होतीस म्हणे. माझ्या लहानपणाचं, मामाच्या गावचं, कायकाय. संध्याकाळची एसटी आली आणि गेली. मी त्यात नव्हते.

मी मंगळवारी पोचले, आणि मंगळवारी तुझा आवाज गेलेला होता. ओठांना कान लावला तेव्हा कुठे ऐकू आलं, "आली का व?"

घरातला एकजण बोलायचा राहिला नाही. बाबा, दादा, मावशी, सगळ्यांचं एकच: एक दिवस आधी आली असतीस तर! मी काय सांगणार? मी ठरल्या दिवशीच आले होते. विमान वेळेवर होतं, मुंबईहून नागपूरही वेळेवर, पुढची एसटीसुद्धा. तरी मला उशीर झाला होता. तो एक दिवस कुठे गेला हे मला कळेना. कधी वाटायचं, फोनवर मीच काही चुकीचं बोलले. कधी वाटायचं, इकडच्या रात्रीचा तिकडे दिवस होतो, त्यात काहीतरी घोळ झाला. इथे परत आल्यावरसुद्धा मी तो दिवस शोधत होते, माय. तुझ्याशी बोलायचा एक अख्खा दिवस.

आता आजचं सांगते.

माझं शिक्षणशास्त्राचं शेवटचं सत्र चालू आहे, आणि त्यासाठी मी इथल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गावर शिकवते. वर्ग मूळचा मिसेस ओल्सन यांचा. त्या मागच्या खुर्चीत बसून मला बघतात. वसंत ऋतूत इथल्या शाळांतून अंडी उबवायची पद्धत आहे. काचेच्या झाकणाची एक पेटी असते, आत विजेची ऊब, आणि मुलं बघत असताना पिल्लू बाहेर येतं. मिसेस ओल्सन म्हणाल्या, "या वर्षी हे तू कर." मी एका पायावर तयार झाले. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीच्या शेजारी माझ्याइतकी बसलेली मुलगी या शाळेत दुसरी कोण असणार?

ज्यांच्या घरी मी राहते त्या शैलाकाकू मला शेतावर अंडी आणायला घेऊन गेल्या. तो शनिवार होता. काकू पुण्याच्या, बोलणं सरळ. "मी ड्राइव्ह करते, तू मांडीवर अंडी सांभाळ. आणि सीटवर फुटलं तर दोन महिने वास जाणार नाही, लक्षात ठेव." तशीच मी शाळेत गेले, किल्ली मागून घेतली होती, आणि त्याच दुपारी बारा अंडी पेटीत ठेवली.

मग तुझ्यासारखंच मोजलं. अंगठ्यानं बोटांची पेरं धरत. एका हाताची बारा, दुसऱ्या हाताची नऊ. अंडी ठेवली तो शनिवार पहिला. एकविसावा दिवस आला शुक्रवार. किती खूश झाले मी! शुक्रवारी मुलं शाळेत असतात. मी कॉलेजच्या प्राध्यापकांना त्याच दिवशी वर्ग बघायला बोलावलं. मुलांच्या आईवडिलांना चिठ्ठ्या पाठवल्या. तीन आठवडे मुलं रोज अंडी फिरवत होती, आणि शनिवार-रविवारी मी जाऊन फिरवत होते. मुलांना मी शब्द दिला होता की कवच तुमच्या डोळ्यांसमोर फुटेल.

आज शुक्रवार होता. सकाळी सगळा वर्ग पेटीभोवती गोल बसला. मागे सातआठ आया, गळ्यात कॅमेरे. प्राध्यापक कोपऱ्यात. दहा वाजले, अकरा वाजले. अंडी तशीच, गुळगुळीत. एमी नावाची एक मुलगी आहे, सगळ्यांच्या मनातलं तीच बोलते. तिने विचारलं, "मिस, ती मेली का?"

मी म्हटलं, "नाही." पण माझा आवाज मलाच पटला नाही.

जेवणाच्या सुट्टीत आया गेल्या. प्राध्यापक माझ्या खांद्यावर थोपटून गेले. ते थोपटणं कसलं होतं ते मला बरोबर कळलं. मुलं मैदानावर गेल्यावर मिसेस ओल्सन उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी आल्या.

"कोणत्या दिवशी ठेवलीस?"

"शनिवारी."

त्यांनी रविवारवर बोट ठेवलं आणि तिथून एक, दोन म्हणत निघाल्या. बोट थांबलं ते उद्याच्या चौकोनावर.

"तुम्ही शनिवार सोडला," मी म्हटलं.

"तू तो धरलास?"

"धरणारच. शनिवारी अंडी पेटीत होतीच ना?"

"होती. पण त्यांचा एक दिवस भरला रविवारी. मूल जन्मतं त्याच दिवशी तू त्याला एक दिवसाचं म्हणतेस का?"

"हो," मी म्हटलं. "आमच्याकडे बाराव्या दिवशी बाळाचं नाव ठेवतात. जन्मलं तो दिवस पहिला."

त्या हसल्या. "असेल. पण ही अंडी न्यू जर्सीची आहेत. त्यांना हे कोणी सांगितलेलं नाही."

मलाही हसू आलं. आणि हसता हसता, माय, मी जागच्या जागी थांबले. आपल्या कोंबड्या आठवल्या.

आपली एकही कोंबडी कधी तुझ्या दिवशी पिल्लं काढायची नाही. आठवतं? तू पेरांवर मोजायचीस, दिवस भरायचा, आणि डालग्याखाली काही नाही. बाबा म्हणायचे, "फेकून दे व ते अंडे, सडले असतीन." आणि तू दर वेळी डालग्यापुढे आडवी व्हायचीस. "तिले एक दिवस द्या जी. कोंबडी हाय ते, घड्याळ नोहे." दुसऱ्या दिवशी डालगं चिवचिवायचं. तू कोंबडीला रागवायचीस, "आळशी कुठली, उशीर केल्याबिगर राहत नाई." ती बिचारी कधीच उशीर करत नव्हती, माय. तूच ठेवल्याचा दिवस धरून मोजत होतीस! आणि मी तुझ्याकडूनच शिकले.

मग मला आपला फोन आठवला. किराणा दुकानदाराच्या फोनवर तुला बोलावलं होतं, तेव्हा तू अजून धरून धरून चालत होतीस. बुधवार होता. लाइन खरखरत होती. तिकीटवाल्यानं मला नुकतंच सांगितलं होतं, आजपासून सहा दिवसांनी तुम्ही घरी असाल. तेच मी ओरडून सांगितलं, "माय, आजपासून सहा दिवस." ना वार सांगितला ना तारीख. तिकीटवाल्यानं बुधवार सोडून मोजलं होतं. तू दुकानातच पेरं धरली असशील, आणि बुधवार पहिला. सहावा दिवस सोमवार.

एवढंच होतं ते. कोणी खोटं बोललं नव्हतं, मी रेंगाळले नव्हते, आणि तूही चुकली नव्हतीस. तू आपल्या घरच्या रीतीनं बरोबर मोजलं होतंस.

आणि आता मला वहिनीचं बोलणं नीट समजतं. ती म्हणाली होती, सोमवारी रात्री मावशीनं तुला सांगितलं, "तेवढ्या दुरून नाई येत पोरगी आता. आडवी हो." तू म्हणालीस, "एक दिवस द्या तिले." वहिनी हे रडत सांगत होती, आणि मला त्यात फक्त तुझी निराशा ऐकू आली होती. मी समजत होते की माझ्यामुळे तुझा तो दिवस वाया गेला. पण तू तर आयुष्यभर हेच करत आली होतीस. दिवस भरला, कोणी आलं नाही, म्हणून तुझं काही संपत नव्हतं. बाकी सगळे दिवे मालवायला निघाले तेव्हा तू माझ्यासाठी आणखी एक दिवस जीव धरून ठेवलास. मला मंगळवार मिळाला, बुधवार, गुरुवार मिळाला. तुझ्या पायांना तेल लावता आलं. शुक्रवारी तुझा हात माझ्या हातात होता. मी हे सगळं हरवलेल्या दिवसाच्या दुःखात मोजलंच नव्हतं. तुझे उपकार मानायला मला इतका उशीर का झाला?

तुझं बोलणं ऐकायचं राहिलं, ते राहिलंच. ते मी नाकारत नाही. पण आता त्यात कोणावर राग नाही.

मुलं मैदानावरून परत आली तेव्हा मी त्यांना फळ्यावर लिहून दाखवलं, माझी मोजणी आणि मिसेस ओल्सनची. चूक माझी, कोंबडीची नाही, हेही सांगितलं. एमी म्हणाली, "म्हणजे उद्या? पण उद्या शाळा नाही." बरोबर तिथेच अडलं होतं. मिसेस ओल्सन म्हणाल्या, "सोमवारी मुलं वाळलेली, गुबगुबीत पिल्लं बघतील. तेही छान असतं." छान असतं, मान्य. पण मी शब्द कवच फुटण्याचा दिला होता. ज्या शाळेत सांगितलेलं डोळ्यांनी बघायला मिळतं अशी शाळा आपल्या गावात काढायची म्हणून मी इतक्या लांब आले. मग इथेच एक दिवस आड आला म्हणून सोडून देऊ?

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, वर्गाच्या बाई हजर असतील तरच शाळा उघडता येईल. मी परत आले आणि मिसेस ओल्सनना ते जसंच्या तसं सांगितलं.

"उद्या दहाला माझे केस कापायचे आहेत," त्या म्हणाल्या. मग पर्स उचलली. "केस वाढतच असतात. नऊला ये."

घरी आल्यापासून मी सगळ्यांच्या घरी फोन करत होते. काकू मागून म्हणत होत्या, "अगं, वीकेंडला लोक उशिरापर्यंत झोपतात, कोण येणार आहे?" आणि पुढचा नंबर शोधून देत होत्या. एमीची आई येते म्हणाली. आणखी पाचसहा येतील. बाकीच्यांना जमणार नाही. बारांतली किती अंडी फुटतील तेही मला माहीत नाही. पण निघण्याआधी मी पेटीला कान लावला होता, माय. आतून बारीक, दबलेली चिवचिव येत होती.

मे महिन्यात माझं शिक्षण संपतं. मी गावी येणार आहे, कायमची. दादाला पत्रात वार आणि तारीख दोन्ही कळवीन. पण मला माहीत आहे, बाबा त्या कागदाकडे बघणार नाहीत. आज इतके दिवस राहिले असं ऐकलं की ते तुझ्याचसारखी पेरं धरतील, आजचा दिवस पहिला म्हणून, आणि त्यांच्या हिशेबानं येईल त्या संध्याकाळी एसटीवर जाऊन उभे राहतील.

म्हणून तुला शब्द देते. तिकीट मी त्यांच्या मोजणीनं काढीन. ते ज्या दिवशी येऊन उभे राहतील त्याच एसटीतून उतरेन.

तुझी,
सुजाता